कोबी मिळाला नाही, तेव्हा गाजर

न्यू जर्सीहून एका ताईंनी लिहिलंय: "मुलगा तेरा वर्षांचा आहे. यंदा सांगलीला गेलो तेव्हा चुलत भावंडं त्याच्या मराठीला हसली, 'अमेरिकन आला' म्हणाली. इथे शाळेत विचारतात, तू मूळचा कुठला? परत आल्यापासून तो मराठी बोलायचंच टाळतो. म्हणतो, इंडिया तुमचं घर, माझं नाही. मला रात्र रात्र झोप लागत नाही."

ताई, मला त्याचं बोलणं उद्धट वाटलं नाही. पोर दमलंय. दोन्हीकडे त्याची परीक्षा घेतली आणि दोन्हीकडे नापास केलं.

तुमच्या भागात कोरियन कुटुंबं बरीच आहेत. त्यांच्याच एका दूरच्या शाखेबद्दल सांगते. १९३७ साली स्टालिनने रशियाच्या अतिपूर्वेकडच्या सुमारे १,७२,००० कोरियनांना मालगाड्यांत भरून कझाकस्तान-उझबेकिस्तानात नेलं. कझाकस्तानातल्या उश्तोबे गावाजवळ पहिला हिवाळा कित्येकांनी जमिनीत खणलेल्या खोपटांत काढला. पुढच्याच वर्षी त्यांच्या शाळा रशियन झाल्या, आणि नातवंडांची भाषाही. हे लोक स्वतःला 'कोर्यो-सारम' म्हणवतात.

किमची म्हणजे कोरियन लोकांचं आंबवलेलं तिखट लोणचं. तिचा कोबी तिथे मिळेना. मग बायकांनी गाजराच्या लांब सळ्या केल्या, लसूण, धणे, लाल तिखट घातलं आणि वरून कडकडीत तेल ओतलं. आपल्या कोशिंबिरीच्या फोडणीची आठवण होते मला. त्याला म्हणतात 'मोर्कोवचा'. रशियनमध्ये मोर्कोव म्हणजे गाजर. कोरियात हा पदार्थ नव्हताच. पण त्यांच्या ताटात तोच माहेरचा.

सोव्हिएत संघ मोडल्यावर त्यांची नातवंडं-पतवंडं कामासाठी दक्षिण कोरियात गेली. ग्वांगजू, आन्सानला वस्त्या झाल्या. चेहरा तिथलाच, आडनाव किम नाहीतर पाक, पण बोलायला रशियन. पणजोबांच्या देशात भाषा मुळाक्षरांपासून शिकावी लागली. परदेशस्थ कोरियनांसाठीच्या १९९९ च्या कायद्यात ते बसतच नव्हते. २००१ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने हे चूक ठरवलं, २००४ मध्ये दुरुस्ती झाली, आणि चौथ्या पिढीला मान्यता मिळायला २०१९ उजाडलं. रक्ताचं नातं असूनही इतकी वर्षं दारात उभं राहावं लागलं. तुमच्या मुलाला सांगलीच्या ओसरीवर जे वाटलं, ते याच जातीचं दुःख आहे.

म्हणून 'भारतच तुझं खरं घर' हे त्याला पटवणं आता थांबवा. सांगली तुम्हाला हवी आहे, आईच्या हातच्या भाकरीसकट. ते त्याला जरूर सांगा, पण तुमचं म्हणून सांगा. त्याच्यावर ते कर्ज नको.

तो इंग्रजीत बोलला तरी तुम्ही मराठीतच उत्तर द्या, आणि त्याच्या तोंडून एखादं वाक्य आलं तर मध्येच दुरुस्त करू नका. आजोबांना रविवारी फोन लावून त्याच्या हातात द्या आणि तुम्ही खोलीबाहेर जा. कृष्णेच्या पुराच्या गोष्टी त्याने अर्ध्या इंग्रजीत विचारल्या तरी आजोबा सांगतील. थालीपिठावर त्याला चीज घालायचं असेल तर घालू द्या.

आणि जाऊबाईंना फोन आजच करा. पुढच्या खेपेला त्याच्या बोलण्यावर कुणी हसायचं नाही, हे मुलांना त्यांनी सांगायला हवं. हे त्यांच्या कानावर घालणं तुमचं काम आहे, तेरा वर्षांच्या मुलाचं नाही.