जनुकं बदलण्याआधी पिल्लांच्या नोंदी वाचायला शिक

प्रिय विद्यार्थिनी,

जैवतंत्रज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत तू महिनाभर एका ससेपालन केंद्रात काम केलंस. एका वेतातली नऊ टुणटुणीत पिल्लं चार आठवड्यांची झाल्यावर आईपासून तोडली आणि दहा दिवसांत त्यातली चार हगवणीने दगावली. ते चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही, असं तू लिहिलं आहेस. तुझे प्रश्न तीन: जनुकं बदलून आजारच होणार नाही असे ससे तयार करता येतील का? त्यासाठी काय शिकू? आणि घरचे विचारतात, सशांवर कुणी करिअर करतं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट कळलं की दुसऱ्याचं आपोआप मिळेल, म्हणून त्यावर जास्त लिहिते.

तू पाहिलेले ते दहा दिवस सशाच्या आयुष्यातले फार नाजूक दिवस असतात. दूध तुटतं, खाणं बदलतं, बहुतेक वेळा पिंजराही बदलतो आणि आतड्यातल्या जंतूंची घडी अजून बसलेली नसते. १९९६-९७ च्या सुमारास फ्रान्समध्ये नेमक्या याच वयाच्या सशांत आतड्याचा एक नवा आजार दिसला. पोट फुगायचं, पाण्यासारखी हगवण लागायची आणि मरतूक खूप व्हायची. पुढे तो युरोपात पसरला. बरीच वर्षं खाद्यातून प्रतिजैविकं देऊन वेळ निभावली गेली. जानेवारी २०२२ पासून युरोपीय संघात आजार नसताना नुसती खबरदारी म्हणून औषधी खाद्यातून प्रतिजैविकं देता येत नाहीत. त्यामुळे पिल्लू मुळातच काटक कसं निपजेल, या प्रश्नाचं महत्त्व खूप वाढलं आहे. तू योग्य वेळी योग्य प्रश्न विचारते आहेस.

पण जनुक बदलण्याचा मार्ग इथे फारसा चालत नाही. डुकरांच्या एका विषाणूला पेशीत शिरायला एक ठरावीक प्रथिन लागतं. त्याच्या जनुकात बदल करून त्या विषाणूला दाद न देणारी डुकरं तयार झाली आहेत. तिथे दार एकच होतं, ते बंद करता आलं. सशाच्या पिल्लाच्या हगवणीला असं एकच दार नाही. जंतू, खाद्यातला तंतू, पिंजऱ्यातली गर्दी, आईचं दूध, पिल्लाचं जन्माचं वजन, असं बरंच काही त्यात गुंतलेलं असतं. जनुकांचा वाटाही असतो, पण तो असंख्य जनुकांत थोडा थोडा विखुरलेला. पिल्लापिल्लांमध्ये आजारी पडण्याचा जो फरक दिसतो, त्यातला साधारण दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी फरक आनुवंशिक असतो.

हा आकडा वाचून नाउमेद होऊ नकोस. एका वेतात किती पिल्लं होतात, हा गुणसुद्धा असाच कमी आनुवंशिक आहे. तरी पैदाशीचे प्राणी पद्धतशीरपणे निवडून त्यात दर पिढीला पिल्लाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढी भर घालता आली आहे. ऐकायला फार थोडं वाटतं, पण मिळालेली भर पुढच्या पिढीत टिकते आणि तिच्यावर पुढची चढत जाते. शिवाय सशाचा गर्भकाळ जेमतेम ३१ दिवसांचा आणि पिढी वर्षाच्या आत फिरते. गाईम्हशींवर काम करणाऱ्यांना असं भाग्य मिळत नाही.

आता प्रत्यक्षात काय केलं जातं ते सांगते. फ्रान्समध्ये तुलूझला संशोधक प्रत्येक पिल्लाची आजाराची लक्षणं नोंदवून, वंशावळीशी ताडून, पैदाशीचे प्राणी निवडतात. तिथलंच दुसरं काम मला फार आवडतं. त्यांनी एकाच वेतातल्या पिल्लांची जन्माची वजनं एकसारखी असावीत, या गुणासाठी निवड केली आणि मरतूक कमी झाली. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाच्या संशोधकांनी वेगवेगळ्या केंद्रांवरच्या, २५ किंवा त्याहून जास्त वेळा व्यालेल्या माद्या शोधून त्यांच्यापासून एक वाण उभा केला. इतकी वेतं झाली तरी जी टिकून राहिली तिच्यात काहीतरी कणखर असणारच, हा विचार त्यामागे होता.

या सगळ्यात अवघड भाग कुठला, तर आईचं देणं आणि जनुकांचं देणं वेगळं करणं. दुसऱ्या दिवशीचं पिल्लू हातात घेऊन पाहिलं असशील तर आठव: अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले, कातडी इतकी पातळ की दूध प्यायलेलं पोट बाहेरून पांढरं दिसतं. मादी दिवसातून साधारण एकदाच, तीन ते पाच मिनिटं दूध पाजते. ज्याला आचळ मिळालं नाही, त्याचं पोट दुसऱ्या दिवसापर्यंत खपाटीलाच राहतं. शिवाय मादी घरट्यात काही लेंड्या टाकून जाते, पिल्लं त्या कुरतडतात आणि त्यातून आईच्या आतड्यातले जंतू त्यांच्यात येतात. म्हणजे एका मादीची सगळी पिल्लं निरोगी निघाली तर श्रेय जनुकांना द्यायचं, दुधाला की या लेंड्यांना? म्हणूनच जन्मल्यावर काही पिल्लं दुसऱ्या मादीखाली लावतात आणि जन्मदाती कोण, पाजणारी कोण, हे दोन्ही लिहून ठेवतात. एकाच नराची पिल्लं अनेक माद्यांपासून झालेली असतील तर हिशेब आणखी स्वच्छ लागतो, कारण नराकडून पिल्लाला जनुकांपलीकडे जवळपास काहीच मिळत नाही.

यावरून काय शिकायचं ते तुला दिसलं असेल. संख्याशास्त्र. रेणवीय जीवशास्त्र तुझ्या पदवीत येतंच आहे, ते मन लावून कर. पण आजपासून आठवड्याचे काही तास संभाव्यता, रेषीय प्रतिमानं (एका गोष्टीवर अनेक कारणांचा किती किती परिणाम होतो ते काढणारी गणितं) आणि आर किंवा पायथन या संगणकभाषेला दे. पदव्युत्तर शिक्षणासाठी पशुपैदास आणि आनुवंशिकी हा विषय शोध. तो पशुवैद्यक किंवा पशुविज्ञान विभागात असतो. प्रवेशाला पशुवैद्यकीय पदवी लागते का, की जैवतंत्रज्ञानाची चालते, हे प्रत्येक ठिकाणी आधी विचारून घे. केवळ या एका गोष्टीत वर्षं वाया गेलेली मुलं माझ्याकडे येतात.

घरच्यांना माझ्या वतीने एवढं सांग: शिकताना तुझ्यासमोर ससे असतील, पण हातात येणारी विद्या कोंबड्या, डुकरं, गाई आणि मासे यांच्या पैदाशीतही चालते. निव्वळ सशांवरच्या नोकऱ्या खरोखर कमी आहेत, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे आणि ते तू मान्य कर. सशांवर प्रबंध करून पुढे कुक्कुटपैदाशीत जाता येतं, कारण पैदासमूल्य, म्हणजे एखादा प्राणी आपल्या पिल्लांना किती चांगले गुण देईल याचा अंदाज, काढायचं गणित तेच असतं.

एक गोष्ट मात्र नीट विचारात घे. तुला वाईट वाटलं ते चार पिल्लांचं. या कामात आजारी पिल्लं रोज बघावी लागतात, मेलेल्यांची नोंद करावी लागते आणि काही प्रयोगांत निरोगी प्राणीही मारावे लागतात. ते झेपेल का, हे केंद्रात आणखी दोन-तीन महिने काम केल्यावरच कळेल.

परत जाशील तेव्हा तिथली नोंदवही मागून घे. वेताची तारीख, जन्मलेली पिल्लं, तोडणीपर्यंत जगलेली आणि तोडल्यानंतर दोन आठवड्यांत गेलेली, असे रकाने कर. सहा महिन्यांच्या नोंदी भर आणि त्यात नराचा क्रमांक लिहिलेला आहे का ते आधी बघ. नसेल, तर त्या दिवसापासून लिहायला सुरुवात करायला सांग. तक्ता तयार झाला की मला पाठव, आपण मिळून बघू.