मात्रा कोणाची चालते?

फोंड्याच्या एका विज्ञानशिक्षिकेने विचारले आहे की, शाळेच्या प्रदर्शनातील तक्त्यावर ‘ग्लायसिन हे अमायनो आम्ल मेंदूतील ग्लुटामेटच्या ग्राहींवर नियंत्रण ठेवते’ असे लिहिले तर चालेल का, आणि ‘मॉड्युलेट’साठी याहून नेमका मराठी शब्द कोणता. (ग्लुटामेट हे चेतापेशींना उद्दीपित करणारे निरोप्या रसायन; ग्राही म्हणजे असा निरोप स्वीकारणारे पेशीवरचे प्रथिन.)

चालणार नाही. हल्ली डासांपासून मधुमेहापर्यंत सगळ्याचेच नियंत्रण होते आणि इंग्रजी क्रियापद जरा अडले की भाषांतरकार हाच शब्द पुढे सरकवतो. ‘यम्’ म्हणजे आवरणे. नियंत्रणात लगाम आहे. तक्ता वाचणाऱ्या मुलाची समजूत अशी होईल की ग्लुटामेट उधळले आहे आणि ग्लायसिन त्याला आवरून धरते आहे. या ग्राहीवर घडते ते नेमके उलटे.

‘मॉड्युलेट’च्या पोटात लॅटिन ‘मोदुलुस’ आहे. हे ‘मोदुस’चे, म्हणजे मापाचे, लघुरूप, त्यावरून झालेल्या क्रियापदाचा अर्थ तालासुरात मोजून गाणे असा होता. आता आपली मात्रा पाहा. ‘मा’ म्हणजे मोजणे, त्यावरून मात्रा म्हणजे माप. पण छंदात मोजतो ती मात्रा, तबल्याच्या ठेक्यात असते ती मात्रा आणि वैद्य सहाणेवर मधात उगाळून देतो तीही मात्राच. माप आणि ताल यांची अशी गाठ दोन दूरच्या भाषांत पडावी, हे मला केवळ योगायोगाचे वाटत नाही. ‘मोदुस’मागचा ‘मेद्’ हा धातू आणि आपला ‘मा’ हे मुळात एकच असावेत, असे माझे जुने मत आहे. व्युत्पत्तिकोशांचे पंडित या दोघांना सहसा वेगवेगळ्या खणांत ठेवतात; त्यांचे ध्वनींचे हिशोब चोख असतीलही, परंतु अर्थ इतक्या मोठ्याने साद घालत असताना कानांत बोळे घालून बसण्याला मी शास्त्र म्हणत नाही.

मराठीने तर एक पाऊल पुढे टाकले आहे. ‘त्याच्यापुढे कोणाची मात्रा चालत नाही’ असे आपण सहज म्हणतो, आणि बाईंना हवे आहे ते वाक्य याच वाक्प्रचारात तयार आहे. ग्लुटामेटच्या ग्राहींपैकी एनएमडीए नावाच्या ग्राहीवर ग्लुटामेटची एक जागा असते आणि ग्लायसिनची दुसरी. १९८७ मध्ये जॉन्सन आणि अॅशर या संशोधकांना उंदराच्या मेंदूतील पेशींवर असे दिसले की, ग्लायसिन असले की या ग्राहीचा प्रतिसाद कितीतरी वाढतो. पुढच्याच वर्षी क्लेकनर आणि डिंगलडाईन यांनी बेडकाच्या अंडपेशींवर प्रयोग करून दाखवले की, ग्लायसिन नसेल तर प्रतिसाद जवळजवळ मिळतच नाही. मेंदूत पुष्कळ ठिकाणी ही दुसरी जागा डी-सेरीन हे अमायनो आम्ल भरून काढते. तेव्हा तक्त्यावर असे लिहावे: ‘ग्लायसिन किंवा डी-सेरीन सोबत नसेल, तर एनएमडीए ग्राहीवर ग्लुटामेटची मात्रा चालत नाही.’ (दोघांचे कूळही जुळते. ग्लायसिन १८२० मध्ये ब्राकोनो यांनी जिलेटिनमधून, म्हणजे सरसाच्याच सख्ख्या भावातून, मिळवले आणि ग्लुटामिक आम्ल १८६६ मध्ये रिटहाउझेन यांनी गव्हाच्या ग्लुटेनमधून. लॅटिनमध्ये ‘ग्लुटेन’ म्हणजे सरस.)

रेडिओच्या परिभाषेतून ‘विरूपण’ उचलावे, असे कोणी सुचवील. परिभाषाकारांबद्दल आदर राखूनही मला तो शब्द सोसत नाही. विरूप केले ते शूर्पणखेला. चतुर्थीच्या आरतीत घुमट हे मडक्याचे वाद्य वाजवणाऱ्याचे हात जवळून पाहा. एका हाताची थाप चामड्यावर पडते आणि दुसरा हात मडक्याचे मागचे तोंड झाकतो, किंचित उघडतो, पुन्हा झाकतो. नाद पहिल्या हाताचा, पण त्याचा भरीवपणा दुसरा हात कमीअधिक करतो. याला विरूपण म्हणणाऱ्याने एकदा त्या वादकाशेजारी बसावे. एनएमडीए ग्राहीवर जस्ताचे आयन असे दुसऱ्या हाताचे काम करतात, ते प्रतिसाद उतरवतात. त्यांच्यासाठी ‘मात्रा कमीअधिक करणे’ हा प्रयोग मला पुरेसा वाटतो. ग्लायसिनचे काम मात्र थापेतच सामील होण्याचे आहे, आणि म्हणून त्याला ‘सहउद्दीपक’ म्हणणे अधिक काटेकोर ठरेल.

‘नियंत्रण’ हा शब्द बाईंना ठेवायचाच असेल, तर त्याची जागा पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत आहे. तिथे ग्लायसिनचे स्वतःचे वेगळे ग्राही आहेत आणि तिथे ते खरोखरच चेतापेशींना आवरते. आपल्या रानातल्या काजऱ्याच्या बियांतील स्ट्रिक्नीन हे विष नेमके तेच ग्राही अडवते, लगाम सुटतो आणि स्नायू ताठरून शरीराला झटके येतात. एनएमडीए ग्राहीवरील ग्लायसिनच्या जागेला हे विष बाधत नाही.