मका उपासाला का चालत नाही?

प्रिय सोनू,

गेल्या गुरुवारी, 23 नोव्हेंबरला, कार्तिकी एकादशी आणि थँक्सगिव्हिंग हा इथला अमेरिकेतला सण एकाच दिवशी आले. शेजारच्या आजींकडे जेवताना तू सारखी माझ्या ताटाकडे बघत होतीस. घरी आल्यावर बूट काढता काढता विचारलंस, “आई, बटाटा चालला, रताळं चाललं, मग कॉर्नब्रेड का नाही? आणि मला शाळेत ट्रॅडिशनल अमेरिकन फूडवर लिहायचंय. वर्गात सगळे बर्गर म्हणतायत. मी काय लिहू?” मी दमले होते, “नंतर सांगते” म्हणून विषय टाळला. पण तुझे दोन्ही प्रश्न मनातून जाईनात. मराठी शाळेत आता तुला जोडाक्षरं यायला लागली आहेत, म्हणून लिहूनच देते. अडलं तर बाबांना विचार.

आधी एकादशीचं. त्या दिवशी धान्य खायचं नाही. कंद, फळं, दूध चालतं. मका धान्य, म्हणून तो नाही. बटाटा आणि रताळं जमिनीखालचे कंद, म्हणून ते चालतात. एवढंच. पण गंमत बघ, हा नियम फार जुना आहे आणि बटाटा मात्र आपल्याकडे नवा. ज्ञानेश्वर माउलींच्या काळात, म्हणजे तेराव्या शतकात, पंढरपुरात कुणीही बटाटा पाहिलेला नव्हता. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. पोर्तुगीज लोक आपल्या किनाऱ्यावर आले, त्यानंतर तो आला. ‘बटाटा’ हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेला, आणि त्यांच्याकडे तो स्पॅनिश लोकांमार्फत पोचला, मूळ कॅरिबियन बेटांवरच्या टायनो लोकांकडून. ते लोक रताळ्याला तसं म्हणत. खिचडीतले शेंगदाणे दक्षिण अमेरिकेचे. मिरची मेक्सिकोकडची. आता मिळतो तो साबुदाणा ज्या कंदापासून करतात, तो टॅपिओकाही मूळचा दक्षिण अमेरिकेचाच. तुझी आजी सोवळ्यात जी खिचडी करते, तिच्यातलं तूप, जिरं आणि मीठ सोडलं तर बहुतेक सगळं त्या बाजूचं आहे.

म्हणून ती खिचडी आपली नाही का? आपलीच. दाणे किती जाड कुटायचे, साबुदाणा किती पाण्यात भिजवायचा, कोणत्या दिवशी करायची आणि आधी देवापुढे ठेवायची, हे सगळं आपल्या घरांतल्या बायकांनी ठरवलं, सांभाळलं आणि पुढच्या पिढीला शिकवलं. मी पारंपरिक म्हणते ते याला.

आता अमेरिकेचं बघू. त्या टेबलावर काळपट तपकिरी दाण्यांचा भात होता, मशरूम घातलेला. तू दोनदा घेतलास. तो वाइल्ड राइस. इथले मूळनिवासी ओजिब्वे लोक त्याला मनोमिन म्हणतात. आपल्या मिनेसोटातल्या तळ्यांमध्ये तो आपोआप उगवतो. ऑगस्ट संपता संपता दोघं दोघं होडीतून निघतात. एक जण लांब काठीने होडी ढकलतो, दुसरा एका दांडक्याने ताटं होडीवर वाकवतो आणि दुसऱ्या दांडक्याने हलकेच थोपटतो. पिकलेले दाणे होडीत पडतात, काही पाण्यात पडतात, ते पुढच्या वर्षासाठी. मग दाणे लाकडाच्या जाळावर भाजतात, मऊ चामड्याचे जोडे घालून पायांनी तुडवतात आणि बर्चच्या सालीच्या सुपात पाखडतात. हो, पाखडतात! आजी गॅलरीत बसून तांदूळ पाखडते ना, तसंच. दुकानात काळाकुळकुळीत, चकचकीत वाइल्ड राइस मिळतो, तो बहुतेक शेतात लावलेला असतो आणि शिजायला पाऊण तास घेतो. शेजारच्या आजी ओजिब्वे लोकांकडून आणतात तो फिकट असतो, लवकर शिजतो आणि त्याला धुराचा मंद वास येतो.

मला तो बघून ऋषिपंचमी आठवली. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून कोकणात देवभात शोधून आणतात. तोही असाच, कुणी न पेरता पाण्याच्या कडेने उगवणारा. एकादशी होती म्हणून मी मनोमिन खाल्लं नाही, पण ऋषिपंचमीला मी ते मनापासून खाईन. आणि हो, ऋषीच्या भाजीत मक्याचं कणीस घालतात. तेव्हा मक्यावर आपला काही राग नाही हं.

त्या मक्याचीही एक गोष्ट तुझ्या निबंधात हवीच. इथले आणि मेक्सिकोतले मूळचे लोक मका चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवायचे. त्याने साल सुटते आणि मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपातून आलेल्यांनी मका घेतला, पण बहुतेकांनी ही रीत घेतली नाही. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ज्या गरिबांचं पोट मक्याच्या पिठावरच चालायचं, त्यांना पेलाग्रा नावाचा रोग झाला. कातडी सोलवटायची, माणसं भ्रमिष्ट व्हायची, हजारो लोक त्यात गेले. धान्य हातात होतं, ते रांधायची रीत हरवली होती. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले होते.

आणि ज्यांना गुलाम करून आणलं, त्यांना विसरू नकोस. चवळी आणि भेंडी आफ्रिकेतून त्यांच्याबरोबर आली. दक्षिणेत 1 जानेवारीला चवळी-भात करतात, त्याला हॉपिन जॉन म्हणतात. लुईझियाना राज्यातल्या गंबो नावाच्या दाट रश्शाचं नावच भेंडीच्या आफ्रिकी नावावरून पडलंय.

थँक्सगिव्हिंगबद्दल लिहिलंस तर पूर्ण लिही. 1621 साली प्लिमथला इंग्लंडहून आलेल्या लोकांच्या सुगीच्या जेवणाला तिथल्या मूळनिवासी वाम्पानोआग लोकांनी पाच हरणं मारून आणली होती. टेबलावर तेव्हा ना बटाटा होता, ना ॲपल पाय. राष्ट्रीय सण म्हणून तो दरवर्षी व्हायला लागला लिंकनने 1863 साली जाहीर केल्यापासून. आणि 1970 पासून प्लिमथमध्ये बरेच मूळनिवासी लोक त्याच दिवशी जमून शोक पाळतात, कारण नंतर त्यांची जमीन गेली, माणसं गेली. तुझ्या वर्गाला हे माहीत असायला हवं.

बर्गर म्हणणाऱ्या मुलांना चूक म्हणू नकोस. 4 जुलैला, इथल्या स्वातंत्र्यदिनी, कुणाचे तरी बाबा अंगणात निखारे पेटवून, सगळ्या गल्लीला बोलावून बर्गर भाजतात, तो मी पारंपरिकच धरीन. फक्त पहिलं नाव त्याचं नको. पहिलं मनोमिनचं लिही.

अजून एक, तुला कदाचित दिसलं नसेल. थँक्सगिव्हिंगला रताळ्यांवर मार्शमेलो ही मऊ मिठाई घालतात, त्यात जनावरांपासून केलेलं जिलेटिन असतं. आजींना माझा उपास माहीत होता. त्यांनी नुसतं लोणी आणि गूळसर साखर लावलेली चार रताळी वेगळ्या भांड्यात, फॉइलने झाकून, ओव्हनच्या वरच्या कप्प्यात ठेवली होती. टर्कीला लागलेला चमचा त्यांनी त्या भांड्याला लागू दिला नाही. एकादशी म्हणजे काय, हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही.

त्यांचं भांडं अजून आपल्याकडेच आहे. शनिवारी परत करायला तू जा. रिकामं नको नेऊस, मी खिचडी करून ठेवते. आणि मनोमिन रांधायला त्यांना कुणी शिकवलं, ते विचारून ये.

तुझी,
आई