साडेएकवीस हजारांचा जुना लॅपटॉप की हप्त्यावर नवा? फुलेवाडीच्या वाचक ताईंना उत्तर

प्रश्न असा आहे : मी कोल्हापुरात फुलेवाडीला राहते, वय २७, बी.कॉम. झालंय. शाहूपुरीत एका कर सल्लागारांकडे नोकरी आहे, हातात १५,५०० येतात. संध्याकाळी लक्ष्मीपुरीतल्या तीन दुकानांचे टॅली या सॉफ्टवेअरवरचे हिशोब आणि जीएसटीचं काम करते, त्याचे महिन्याला साधारण ६,०००. घरी ९,००० देते. आजवर ऑफिसचा लॅपटॉप घरी नेत होते. तो अडीच किलोचा आहे, केएमटीच्या बसमधून रोज नेऊन खांदा धरतो. शिवाय पुढच्या महिनाअखेरपासून तो ऑफिसातच ठेवायचा आहे. माझ्यासमोर तीन लॅपटॉप आहेत. राजारामपुरीतल्या एका दुकानात जुना एचपी एलिटबुक ८३० जी५, आठव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, २१,५०० रुपये, सहा महिन्यांची दुकानाची वॉरंटी. मावसभावाचा थिंकपॅड एक्स२७०, सातव्या पिढीचा, ९,००० ला देतो म्हणतो. किंवा नवा १५.६ इंची, ४६,००० चा, बारा हप्ते, बिनव्याजी, फाइल चार्ज ९९९. रोख दिले तर ४३,०००. वडील उद्यमनगरात लेथवर काम करतात, ते म्हणतात जुनं नको, हप्त्यावर नवाच घे. पिग्मीत, म्हणजे रोजच्या बचतीच्या खात्यात, रोज १०० टाकते, पुढच्या महिन्याच्या १२ तारखेला वर्ष पूर्ण होतंय. बँकेत १२,००० आहेत. काय करू?

ताई, आधी उत्तर सांगतो. राजारामपुरीतला एलिटबुक घ्या, पण आज घेऊ नका. पिग्मीची मुदत भरू दे, वीस तारखेचे रिटर्न जाऊ देत, मग वडिलांना घेऊन दुकानात जा. भावाचा लॅपटॉप घेऊ नका. नवा लॅपटॉप वाईट नाही, पण तो हप्ता आज तुम्हाला जड आहे.

आता कारणं. कुणी लॅपटॉपचा भाव विचारला की मी आधी काम विचारतो. तुमचं काम म्हणजे टॅली, जीएसटीचं पोर्टल, एक्सेल आणि डिजिटल सहीचं यूएसबी टोकन. टॅलीला विंडोज लागतं, सहीच्या टोकनाचे ड्रायव्हरही बहुतेक विंडोजसाठीच असतात. म्हणून स्वस्तातला टॅब्लेट किंवा जुनं क्रोमबुक कुणी सुचवलं तर तिकडे बघू नका. वजनाला हलकं आणि दिसायला गोजिरं असतं, पण तुमच्या कामाला निरुपयोगी. उलट व्हिडिओ एडिटिंग, गेम असलं काही तुम्हाला करायचं नाही. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला आठव्या पिढीचा आय५ तुमचं काम निवांत ओढेल.

दुसरी गोष्ट वजन. लोकांना वाटतं नवं ते हलकं. पण चाळीस-पंचेचाळीस हजारांतले नवे १५.६ इंची लॅपटॉप साधारण १.६ ते १.८ किलोचे असतात आणि अंगाने प्लॅस्टिकचे. एलिटबुक ८३० जी५ हा १३.३ इंची, अंग धातूचं, वजन १.३३ किलोच्या आसपास. कंपन्यांनी आपल्या अधिकाऱ्यांसाठी घेतलेली ही यंत्रं, नवी असताना लाखाच्या घरातली. तीन-चार वर्षांचा करार संपला की ती घाऊक भावात बाहेर पडतात आणि फिरत फिरत राजारामपुरीत येतात. हलका आणि मजबूत लॅपटॉप वीस-बावीस हजारांत मिळण्याचा हाच काय तो रस्ता आहे. लक्ष्मीपुरीत आडत दुकानात तुम्ही कुठे बसता हे मला ठाऊक आहे, कारण मीही तिथे बसलोय : काउंटरवर जागा नसते, तांदळाच्या पोत्यांच्या थप्पीवर लॅपटॉप ठेवावा लागतो आणि मालक मागून डोकावत असतात. तिथे १३ इंची यंत्र बसतं, १५ इंची कलतं. फक्त पोत्यावर ठेवताना खाली एक फाइल किंवा पुठ्ठा घाला. हवा आत जायची जाळी बुडाला असते, ती पोत्यात दबली की यंत्र तापतं.

मावसभावाच्या लॅपटॉपबद्दल थोडं कडक बोलतो. एक्स२७० चांगलं यंत्र आहे, तक्रार यंत्राबद्दल नाही. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा असावा लागतो. सातवी पिढी मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत नाही. म्हणजे भावाच्या लॅपटॉपवर विंडोज १० च राहणार, आणि त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत दिली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. आडवाटेने विंडोज ११ बसवून देणारे भेटतात, पण त्यावर अपडेट मिळत राहतील याची हमी कुणी देत नाही. तुमच्याकडे तीन दुकानांचे पॅन, बँकेचे उतारे, पोर्टलचे पासवर्ड आहेत. ते अशा यंत्रावर ठेवणं म्हणजे लोकांच्या तिजोरीची किल्ली दारातल्या खिळ्याला लावून ठेवणं. शिवाय नात्यातला व्यवहार : महिन्यात स्क्रीन गेली तर भावाकडे पैसे परत मागाल? मागणार नाही, आणि मागितलेत तर दिवाळीला मावशीकडे जाताना पाय अडखळेल.

आता वडिलांच्या सल्ल्याकडे येतो, कारण त्यात वजन आहे. आधी 'बिनव्याजी' या शब्दाचा हिशोब करू. रोख ४३,०००, हप्त्याने ४६,०००. हे मधले ३,००० म्हणजे व्याजच. ४३,००० चं कर्ज, महिन्याला ३,८३३ चा हप्ता, बारा महिने : वर्षाला साडेबारा टक्क्यांच्या आसपास दर पडतो. त्यात सुरुवातीलाच ९९९ फाइल चार्ज गेला, की तो सतराच्या घरात जातो. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना लेखी बजावलंय. व्याज कुठेतरी किमतीत मिसळलेलं असतं. म्हणून 'रोख दिले तर किती?' हा प्रश्न तुम्ही विचारलात, याचं मला फार कौतुक वाटलं. बहुतेक लोक विचारत नाहीत.

तरीही दर महिन्याचा खर्च काढला तर नवा लॅपटॉप फार महाग ठरत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. हप्ते आणि फाइल चार्ज मिळून ४७,००० धरा आणि तो पाच वर्षं चालला असं धरा, तर महिन्याला सुमारे ७८५ रुपये पडतात. एलिटबुकच्या २१,५०० मध्ये बॅटरी, चांगली बॅग आणि बॅकअपची हार्ड डिस्क यांसाठी साडेतीन हजार जोडून २५,००० धरा, तो तीन वर्षं चालला तर महिन्याला ६९५. फरक जेमतेम नव्वद रुपयांचा. भावाचा ९,००० चा, वर नवी बॅटरी दोन-अडीच हजारांची, आणि वर्षभरात बाजूला ठेवायचा : महिन्याला साडेनऊशे. तिघांत सगळ्यात स्वस्त दिसणारा सगळ्यात महाग निघाला.

मग नव्वद रुपयांसाठी मी जुन्याच्या बाजूने का? कारण खरेदीनंतर तुमच्या हातात काय उरतं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुमच्या महिन्याच्या २१,५०० च्या कमाईतून घरचे ९,००० गेले की १२,५०० राहतात. त्यात प्रवास, जेवणखाण, मोबाइल, आणि पिग्मीचे ३,०००. ३,८३३ चा हप्ता आला की पहिला गळा पिग्मीचा आवळला जाणार. आणि दुकानांचे ६,००० पगारासारखे नाहीत. एका मालकाने 'पुढच्या महिन्यापासून पोरगाच बघतोय' म्हटलं की दोन हजार गेले, हप्ता मात्र त्याच तारखेला येतो. तो चुकला की दंड आणि सिबिलच्या कर्जनोंदीवर डाग. सत्तावीसव्या वर्षी, पुढे कधी स्वतःचं ऑफिस टाकायला कर्ज घ्यायचं असेल तर तो डाग नको.

एलिटबुक घेतलात तर पिग्मीच्या ३६,५०० मधून २५,००० जातील, ११,५०० उरतील, बँकेतले १२,००० मिळून साडेतेवीस हजार आणि थोडं व्याज. नुसतं घरचं देणं धरलं तर अडीच महिने निघतील इतकं. जास्त नाही, पण हप्त्याशिवायचे अडीच महिने आहेत. पिग्मी आधी मोडू नका. बहुतेक पतसंस्था मुदतीआधी मोडलेल्या पिग्मीवर व्याज देत नाहीत, काही वरून कपातही करतात. ऑफिसचा लॅपटॉप पुढच्या महिनाअखेरपर्यंत आहे, तर घाई कशाला? अकरा तारखेला जीएसटीचं विक्रीचं रिटर्न जीएसटीआर-१, वीसला कर भरायचं ३बी. त्या दिवसांत नवं यंत्र हाताळायला घेऊ नका. ३बी चुकलं तर दिवसाला ५० रुपये लेट फी दुकानदाराला बसते, आणि शब्द तुमच्यावर येतो.

वडिलांची भीती खरी आहे. जुन्या यंत्रात फसवणूक होते, माझीही झाली आहे. ऑफिससाठी एक जुना लॅपटॉप घेतला होता, दुकानात फर्मास चालला. दोन महिन्यांनी तो पूर्ण पुसून पहिल्यापासून सुरू केला, नेटला जोडला, तर पडद्यावर एका परक्या कंपनीचं नाव आणि 'कंपनीच्या खात्याने लॉग इन करा'. ज्या कंपनीचा तो होता, तिने आपल्या यादीतून काढलाच नव्हता. विक्रेता म्हणाला, आता वॉरंटी संपली. तेव्हापासून दुकानातच रिसेट करून, मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून, नवं खातं उघडेपर्यंत मी खुर्चीवरून उठत नाही. तासभर जातो. जाऊ दे.

तुम्ही लिहिलंय की वडील उद्यमनगरात लेथवर काम करतात. मग त्यांना बरोबर न्याच. जुना लेथ घेताना ते रंग बघत नाहीत. चकजवळ बेड किती झिजलाय आणि स्पिंडलला प्ले, म्हणजे ढिलाई, आहे का, ते बघतात. इथेही तसंच. लॅपटॉप बंद करून काचेच्या काउंटरवर ठेवा आणि एका कोपऱ्यावर बोट दाबा. डुगडुगला, किंवा मधला टचपॅड वर आलेला, दाबायला घट्ट वाटला, तर आत बॅटरी फुगली आहे. ती बदलून दिल्याशिवाय पुढे बोलू नका. फुगलेली बॅटरी आग धरू शकते. फुगली नसेल तरी बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' असे दोन आकडे येतात. दुसरा आकडा पहिल्याच्या सत्तर टक्क्यांखाली असेल तर नवी बॅटरी टाकून द्या म्हणा, किंवा दोन हजार कमी करा. मग नोटपॅड उघडून प्रत्येक कळ दाबा, आकड्यांची ओळ दोनदा, कारण तुमचं सगळं काम आकड्यांचं आहे. पांढरं पान पूर्ण स्क्रीनवर आणून डाग बघा. बिजागरी सावकाश उघडा, कुरकुर ऐका. सहीचं टोकन बरोबर न्या आणि दोन्ही यूएसबीत लावून बघा. आणखी एक : कोल्हापुरात २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं ते वडिलांना माहीत आहे. पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा. हिरवट किंवा पांढरी बुरशीसारखी पूड दिसली की ते यंत्र ओलं झालेलं आहे, मग भाव कितीही उतरू दे, उठून या.

बिलावर सीरियल नंबर हवा, तोच बुडाच्या स्टिकरवर आणि तोच बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या यंत्राच्या सेटिंगमध्ये. तिन्ही जुळले नाहीत तर माल चोरीचाही असू शकतो. वॉरंटी बिलावर लिहून घ्या, बॅटरी आणि चार्जर त्यात धरलेत का हेही लिहून घ्या. पैसे दुकानाच्या खात्यावर यूपीआयने द्या. किमतीचं म्हणाल तर २०,००० ला मागा. बॅटरीचा रिपोर्ट हातात असेल तर २०,५०० पर्यंत दुकानदार येईल असा माझा अंदाज आहे. '१६ जीबी रॅम करून देतो' म्हणाला तर लगेच पैसे देऊ नका. या मॉडेलला रॅमच्या दोन जागा असतात, लागेल तेव्हा नंतर घालता येते.

दुकानदार बहुधा म्हणेल, 'मॅडम, ऑफिस, टॅली सगळं टाकून देतो, फ्री.' ते घेऊ नका. सेटिंग्जमध्ये जाऊन विंडोज ॲक्टिव्हेटेड आहे का एवढं बघा. क्रॅक केलेल्या टॅलीतून काय आत येतं ते कुणालाच सांगता येत नाही. तुमच्या पत्रात एक गोष्ट आली नाही : आता टॅलीचं लायसन्स कुणाचं वापरता? ऑफिसचं असेल तर ते लॅपटॉपबरोबर ऑफिसातच राहील. कायमचं सिंगल युजर लायसन्स विकत घेणं या लॅपटॉपपेक्षा महाग पडेल. महिन्याच्या भाड्याने मिळतं. दुकानांचं स्वतःचं लायसन्स असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर ते भाडं तीन दुकानांकडून कामाच्या बिलात वेगळं मागा. त्यात संकोच करू नका. आडतदार हमालीही वेगळीच लावतो.

आणि १२ तारखेला पिग्मीवाले काका पैसे घेऊन आले की त्याच दिवशी नवं खातं सुरू करा, पुन्हा १०० चंच. वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा की यातले रोजचे २० लॅपटॉपचे. महिन्याला ६०० होतात, तीन वर्षांत २१,६००. एलिटबुक थकेल तेव्हा पुढच्याचे पैसे तयार असतील.