लांबची खुंटी

"अपयशाच्या भीतीने मुलगा काही करतच नाही. त्याला धीर कसा द्यायचा?" हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो, आणि बहुतेक वेळा आईच विचारते. इंदूरच्या रामबागेतल्या एका आईने विचारला तेव्हा मुलगा शेजारीच बसला होता. वय २८, इंजिनिअर, वर्षभराची नोकरी सोडून पाच वर्षं यूपीएससीची तयारी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

'काही करत नाही' हे खरं नव्हतं. सकाळी सातला तो भंवरकुआच्या लायब्ररीत जाऊन बसायचा आणि रात्री नऊला परतायचा. झोप, भूक, जीव नकोसा वाटतो का, हे मी पहिल्याच भेटीत विचारते. तसं काही नव्हतं. असतं तर आधी त्याकडे वळलो असतो. कोणाच्या घरी तसं असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर लगेच लावावा, तयारीचं नंतर पाहता येतं.

"प्रीलिम्स किती वेळा दिलीस?"

"फॉर्म पाच वेळा भरला. पेपर दोनदाच दिला."

खुल्या गटाला ३२ वर्षांपर्यंत ६ अटेम्प्ट मिळतात. नुसता फॉर्म भरला तर अटेम्प्ट मोजत नाहीत, पूर्वपरीक्षेचा एक जरी पेपर दिला की मोजतात. तीन वर्षं तो पेपर आठवड्यावर आला असताना थांबला होता. "तयारी कच्ची होती, मॅडम. अटेम्प्ट कशाला वाया घालवायचा?" बोलणं शहाणपणाचं होतं, आणि थोडंफार खरंही. पण न दिलेल्या पेपरांबद्दल बोलताना त्याचा चेहरा सैल पडला, सुटल्यासारखा. ते मी टिपून ठेवलं.

दुसऱ्या भेटीत विचारलं, दिवसातला कुठला वेळ बरा जातो? म्हणाला, संध्याकाळी लायब्ररीच्या जिन्यावर. सीसॅटच्या, म्हणजे प्रीलिम्सच्या दुसऱ्या पेपरात, गणित आणि आकलनाच्या, ३३ टक्के मिळाले की पुरतं, पण कलाशाखेची पुष्कळ मुलं तेवढ्यावरच अडतात, गणितामुळे. अशा तिघांना तो जिन्यात बसून शेकडेवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग शिकवायचा. तिघेही त्या पेपरातून निघाले होते. हे सांगताना तो पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकून बसला.

"हेच करावंसं वाटतं का रे?"

"छे, तो आपला टाइमपास."

तिसऱ्या भेटीला मात्र पिशवीतून एक वही निघाली. कुठलं गणित कुठल्या मुलाला कुठे अडतं आणि ते कसं समजावलं, याच्या दोनशे पानांच्या नोंदी. वही घरात कोणी पाहिली नव्हती.

मग आम्ही यूपीएससी आणि गणिताचा क्लास या दोन्ही वाटांवर 'आणि मग काय होईल?' हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत गेलो. यूपीएससी नाही झाली तर? "वाईट वाटेल. पण लाखो मुलं बसतात, निवड होते हजारेक जणांची. मला कोण काय म्हणणार?" आणि क्लास काढला, नाही चालला तर? बराच वेळ तो गप्प बसला. मग म्हणाला, "मग मला काहीच येत नाही, असं होईल."

या एका वाक्यात सगळं होतं. जॉन ॲटकिन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली मांडलं की अपयशाची भीती मोठी असलेला माणूस एक तर अगदी सोपं काम धरतो, नाही तर फारच अवघड. पुढे खुंटीवर रिंग फेकण्याच्या खेळातून त्यांनी हे तपासलं. किती अंतरावरून फेकायचं ते ज्याने त्याने ठरवायचं. यशाची ओढ मोठी आणि भीती कमी असलेल्यांचा कल मधल्या अंतराकडे होता, कारण तिथे आपला हात किती बसला आहे ते कळतं. खुंटी फार लांब असली की नेम चुकल्याचा दोष अंतरावर जातो. घरच्यांना वाटतं, भित्रं मूल छोटं स्वप्न बघतं. माझ्या अनुभवात पुष्कळ मुलं उलट करतात, सगळ्यात मोठ्या स्वप्नाच्या मागे लपतात.

चौथ्या भेटीला वडील आले. क्रिकेटचं वेड असलेलं घर. मुलाला उभारी द्यायला म्हणाले, "सी. के. नायडूंच्या होळकर टीमने चार वेळा रणजी जिंकली, तू त्या गावचा आहेस!" मी विचारलं, फायनलला किती वेळा हरले? त्यांना तेही तोंडपाठ होतं. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा मोसमांत दहा फायनल, त्यांतल्या सहा हरले. पहिलीच मुंबईकडून, आणि तीही इंग्लंडच्या डेनिस कॉम्प्टनने होळकरांकडून नाबाद २४९ केले असताना. बाबा रंगून सांगत होते. मुलगा त्यांच्याकडे बघत राहिला. "बाबा, तुम्ही लहानपणापासून मला चारच सांगितल्यात." ते काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

यूपीएससी सोड, असं मी त्याला सांगितलं नाही. तो निर्णय माझा नव्हेच. आम्ही एक छोटा प्रयोग ठरवला: चार रविवार, सात मुलं, डोक्यामागे दोनशे रुपये. फीला तो आठवडाभर अडून बसला. फुकट शिकवायला एका पायावर तयार होता. मला वाटतं, खरी भीती इथेच होती. फुकटच्या वर्गातून मूल गेलं तर त्याची मर्जी, पैसे भरून गेलं तर ते मास्तराला नाकारून गेलं. म्हणून फी ठेवायचीच, यावर मी ठाम राहिले.

प्रत्येक रविवारी वर्गाआधी त्याने वहीत दोन रकाने करायचे होते. काय होईल असं वाटतं ते आधी लिहायचं, काय झालं ते नंतर. पहिल्या रविवारी लिहिलं, 'निम्मे दुसऱ्यांदा येणार नाहीत.' दोन आले नाहीत. त्यातल्या एकाने फोनवर तोंडावरच सांगितलं, "भैया, आप बहुत फास्ट पढ़ाते हो." दोन रात्री त्याला झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "खरं आहे त्याचं. शेकडेवारीच्या दोन पायऱ्या मी गाळतो." पुढच्या रविवारी त्या त्याने फळ्यावर लिहिल्या.

चार रविवार कधीच संपले. वर्ग चालू आहे, सध्या नऊ मुलं आहेत. नऊ मुलांच्या फीवर घर चालत नाही, त्यामुळे आईची काळजी गेलेली नाही आणि ती जावी असं मीही म्हणणार नाही. यंदाची प्रीलिम्स त्याने दिली, दोन्ही पेपर पूर्ण बसून. निकाल यायचा आहे.

परवा वही घेऊन आला होता. मागच्या रविवारी डावीकडचा, आधीचा रकाना कोरा होता.

"लिहिलं नाहीस?"

"विसरलो, मॅडम. मुलं लवकर आली होती."