एलएलडीपीईच्या (इथिलीनमध्ये हेक्झीनसारखा दुसरा रेणू थोडा मिसळून केलेल्या प्लास्टिकच्या) साखळीत हेक्झीन कुठे-कुठे बसतं, हे गणिताने कसं काढतात?

साखळीच्या टोकाला आत्ता कोण आहे, एवढंच बघायचं. टोकाला इथिलीन असेल, तर पुढे पुन्हा इथिलीनच जोडलं जाण्याची शक्यता क्रियाशीलता-गुणोत्तर (टोकाच्या इथिलीनला हेक्झीनपेक्षा इथिलीन किती पट वेगाने जोडलं जातं) आणि मिश्रणाचं प्रमाण यांवरून निघते. समजा गुणोत्तर ५० आहे आणि इथिलीन हेक्झीनच्या दुप्पट: ५० × २ = १००, म्हणून शक्यता १००/१०१. म्हणजे इथिलीनचा सलग पट्टा सरासरी १०१ एककांचा. हेच मेयो-लुईस प्रारूप, १९४४ चं.

मेटॅलोसीन उत्प्रेरकांना ते छान लागू पडतं, कारण त्यांची क्रियास्थानं (जिथे साखळी वाढते त्या जागा) एकसारखी असतात. खरी मजा झिग्लर-नाट्टा उत्प्रेरकांमध्ये! तिथे क्रियास्थानं अनेक प्रकारची, त्यामुळे प्रत्येकाचं वेगळं फ्लोरी वितरण (कोणत्या लांबीच्या साखळ्या किती, याचं गणिती चित्र) मांडून बेरीज करावी लागते. हेक्झीन बहुधा आखूड साखळ्यांतच जास्त सापडतं. नुसत्या सरासरीवर विसंबू नका, तिच्यात हा फरक दिसतच नाही.