टीव्हीवर सिनेमाच्या वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, झूम करून घालवू का?

नका घालवू प्लीज! टीव्हीची रुंदी-उंची १६:९ म्हणजे १.७८:१ आणि स्कोपमधले, म्हणजे जास्त रुंद चित्राचे, सिनेमे २.३९:१, मग पूर्ण रुंदी बसवायची तर वर-खाली जागा उरणारच, तीच काळी दिसते, त्या पट्ट्यांखाली काही लपलेलं नसतं. झूम केलं की मात्र दोन्ही बाजूंनी मिळून जवळजवळ पाव चित्र गायब, आणि दोन टोकांना उभं राहून बोलणारी माणसं अर्धी कापली जातात, कॅमेरामनने जीव ओतून लावलेली फ्रेम अशी तुटलेली बघवत नाही हो. प्रभातच्या काळातले सिनेमे उलट जवळपास ४:३, त्यांच्या पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूला येतात, तिथे स्ट्रेच तर अजिबातच नको, चेहरे फुगतात. पिक्चर साइज १६:९ ठेवा, ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असेल तर तेही ऑन करा, नाहीतर कडा थोड्या कापल्या जातात.